परदेशी पासपोर्टवर पुण्यात बँक खातं उघडताना

काउंटरमागच्या मुलीने माझा पासपोर्ट घेतला, थेट शेवटचं पान उघडलं, मग सगळी पानं पुन्हा उलटून पाहिली आणि विचारलं, "मॅडम, यात पत्ता कुठंय?"

भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता छापलेला असतो. अमेरिकन पासपोर्टवर तो छापत नाहीत, ब्रिटिश पासपोर्टवरही नाही. त्या मुलीची काही चूक नव्हती, तिच्या हाताखालून रोज जातात ते सगळे पासपोर्ट भारतीय. पण त्या एका कोऱ्या पानापायी माझं खातं उघडायला अडीच महिने आणि तीन शाखा लागल्या. बावीस वर्षं न्यू जर्सीत काढून, आई एकटी पडली म्हणून मी कर्वेनगरला परत आले होते. मराठी बोलणारी, पुण्यातच शिकलेली बाई, तरी बँकेच्या दृष्टीने परदेशी नागरिक.

त्यानंतर आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या परदेशी मुलांबरोबर आणि माझ्यासारख्याच परत आलेल्या दोघातिघांबरोबर मी बँकेत गेले आहे. कामं कोणत्या क्रमाने केली तर खेपा वाचतात, ते इथे लिहिते आहे. तुम्ही स्वतः ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड) परत आला असाल, किंवा तुमच्याकडे कोणी परदेशी भाडेकरू, सून, जावई राहायला आले असतील, तर दोघांनाही हे उपयोगी पडेल.

आधी हे ठरवा: तुम्ही रहिवासी की अनिवासी?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून यावर थोडं थांबते. बँकेतला माणूस परदेशी पासपोर्ट बघतो आणि आपोआप म्हणतो, "म्हणजे एनआरआय. एनआरओ खातं उघडावं लागेल." एनआरओ म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयांतलं खातं. पण नागरिकत्व ही एक गोष्ट आणि निवास ही वेगळी. खात्याचा प्रकार ठरतो तो फेमा, म्हणजे १९९९च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्यावरून, आणि तो कायदा नागरिकत्व विचारत नाही. तुम्ही भारतात किती राहता आणि कशासाठी आला आहात, हे विचारतो. नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा किती काळ राहणार हे ठरवलेलं नाही अशा इराद्याने आलेला माणूस परदेशी नागरिक असूनही रहिवाशांत मोडू शकतो. फिरायला किंवा उपचारांसाठी आलेला मोडत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा. नोकरीच्या व्हिसावर हिंजवडीत काम करायला आलेल्या परदेशी माणसाला साधं निवासी बचत खातं मिळू शकतं. आईवडिलांजवळ कायमचे राहायला आलेल्या ओसीआय कार्डधारकालाही मिळू शकतं. शिकायला आलेल्या विद्यार्थ्याचं खातं एनआरओ प्रकारात उघडतात. पर्यटकालाही एनआरओ खातं उघडता येतं, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी, आणि त्यात पैसे यायचे ते बाहेरून बँकेमार्फत आलेले किंवा सोबत आणलेलं परकीय चलन विकून मिळालेले.

"नावात काय आहे, मिळेल ते खातं घेऊ" असं करू नका. एनआरओ खात्यातल्या व्याजावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर असा कर कापला जातो, बचत खात्याच्या व्याजावरसुद्धा. निवासी खातेदाराच्या बचत खात्याच्या व्याजावर असा कर कापतच नाहीत, आणि ठेवींच्या व्याजावर कापतात तो वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांवर गेलं तर, १० टक्के. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही मर्यादा १ लाख आहे. माझी पहिली फाइल एका शाखेने मला न विचारता एनआरओत टाकली होती. ती वेळीच मागे घेतली नसती तर निवृत्तीच्या पैशांच्या ठेवींवर दरवर्षी जास्तीचा कर कापला गेला असता आणि परताव्यासाठी मागे लागावं लागलं असतं. (प्राप्तिकरातला 'रहिवासी' आणि फेमातला 'रहिवासी' यांचे निकष वेगळे आहेत. करापुरतं सीएला विचारा, बँकेत फेमाचंच बोला.)

म्हणून बँकेत जाताना साध्या कागदावर चार ओळींचा अर्ज लिहून न्या: मी अमुक देशाची नागरिक आहे, अमुक तारखेपासून पुण्यात राहते, इथे राहण्याचं कारण हे, आणि मला निवासी बचत खातं हवं आहे. तोंडी सांगितलेलं पुढच्या टेबलापर्यंत पोचत नाही. कागद फाइलबरोबर जातो.

परदेशी जाण्याआधीचं जुनं खातं कुठे पडून असेल तर तेही काढा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं आणि दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती गेली तरी बुडत नाही, मागता येते. अशी रक्कम शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' हे पोर्टल आहे. एनआरई (अनिवासींचं, परदेशातली कमाई ठेवण्याचं खातं) किंवा एनआरओ खातं असेल आणि तुम्ही कायमचे परत आला असाल, तर ते निवासी करून घेणं तुमचंच काम आहे.

पॅन

पॅन नसेल तर बँक घोषणापत्र घेऊन खातं उघडू शकते, पण ठेवी, मोठ्या रकमा, गुंतवणूक सगळं पुढे अडतं. आधी पॅन काढा. परदेशी नागरिकांचा अर्ज भारतीयांपेक्षा वेगळा असतो. वर्षानुवर्षं तो ४९एए या नावाने ओळखला जायचा. घाईत भारतीयांचाच अर्ज भरून पाठवणारे खूप, आणि तो परत येतो.

परत आलेल्यांसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या. भारतीय नागरिक असताना काढलेला पॅन नागरिकत्व बदललं तरी तोच राहतो. दुसरा काढू नका, दोन पॅन ठेवल्यास १०,००० रुपये दंड आहे. आणि तो जुना पॅन चालू आहे का ते प्राप्तिकराच्या पोर्टलवर तपासा. जुलै २०२३पासून आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. परदेशी नागरिकांना ही जोडणी सक्तीची नाही, पण प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत तुम्ही अजून भारतीयच असाल तर तुमचाही पॅन त्यात गेला असेल. माझा गेला होता. पासपोर्ट आणि ओसीआयची प्रत जोडून नोंद बदलून घ्यावी लागली, आणि तोवर बँकेची फाइल जागेवरून हलली नाही.

पत्त्याचा पुरावा

आता त्या कोऱ्या पानाकडे परत येते.

बँक पत्त्याचा पुरावा मागते. आमच्या घराचं महावितरणचं बिल बाबांच्या नावावर. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी नाव बदललेलं नव्हतं. घरपट्टी आईच्या नावावर. माझ्या नावाचा एकही कागद पुण्यात नव्हता. "मग आधार आणा," असं तीनही शाखांत ऐकलं. परदेशी नागरिकाला आधार मिळतं, पण अर्ज करण्याआधीच्या बारा महिन्यांत निदान १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. म्हणजे सहा महिने बिनखात्याचं राहा, असंच त्याचं उत्तर झालं.

यातून वाट आहे, आणि ती रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतच आहे. परदेशी नागरिकाने दिलेल्या मुख्य कागदावर पत्ता नसेल, तर त्याच्या देशाच्या सरकारी खात्याने दिलेला कागद किंवा त्या देशाच्या भारतातल्या वकिलातीचं पत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. माझ्याकडे न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स होतं, त्यावर पत्ता होता. तो निर्देश छापून, ती ओळ पिवळ्या पेनाने रंगवून मी तिसऱ्या शाखेत नेली. मॅनेजरबाईंनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, कोणाला तरी फोन केला आणि म्हणाल्या, "हे असं आहे खरं. आमच्याकडे अशी केसच येत नाही ना." पुण्याचा पत्ता आईच्या पत्रावर, घरपट्टीच्या पावतीसकट, पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून लागला. छापील ओळ समोर ठेवली की वाद राहत नाही, दोघं मिळून कागद वाचतात.

वकिलातीचं पत्र लागणार असेल तर लवकर हालचाल करा. काही देशांची कचेरी मुंबईत आहे, बऱ्याच देशांची फक्त दिल्लीत.

भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला करार बँक बाजूला ठेवते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेणं कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे, हे घर बघतानाच बोलून घ्या. पुण्यात एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो आणि अर्ध्या तासात करार होतो, पण ती सगळी पद्धत आधारवर चालते. आधार नसेल तर मालक, भाडेकरू आणि साक्षीदार अशा सगळ्यांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावं लागतं. बरेच मालक इथेच टाळाटाळ करतात. मालकांना माझी विनंती आहे, एक सकाळ द्या. तुमच्या त्या एका सकाळीवर त्या माणसाचं खातं आणि बरंचसं पुढचं काम अवलंबून असतं. शिवाय परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन देणं हेही मालकाचं काम आहे. लोक अजून त्याला सी फॉर्मच म्हणतात.

व्हिसा, नोंदणी आणि ओसीआय

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करायची असते. अर्ज ई-एफआरआरओ पोर्टलवर होतो. पुण्याचं काम पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक शाखेकडे असतं. तिथून मिळणारा परवाना बँक हमखास मागते, त्यामुळे बँकेआधी हे.

ओसीआय कार्डधारकांना ही नोंदणी लागत नाही. तरी बँकेत दोन प्रश्न येतात, "व्हिसा कुठंय?" आणि "पोलिसांचा कागद कुठंय?" ओसीआय कार्ड हाच आजन्म व्हिसा आहे आणि नोंदणीतून सूट आहे, असं शांतपणे सांगा. कार्डावर जुन्या पासपोर्टचा नंबर छापलेला असेल तर तो जुना पासपोर्टही बरोबर न्या, नाहीतर "नंबर जुळत नाही" म्हणून फाइल परत येते.

विद्यार्थी असाल तर

आमच्या वरच्या मजल्यावर टांझानियाहून शिकायला आलेला एक मुलगा राहत होता. नोंदणीला पत्ता हवा, करारासाठी मालकाला अनामत रक्कम हवी, अनामत वडील पाठवणार ती खात्यात, आणि खातं उघडायला नोंदणीचा कागद हवा. तीन आठवडे तो या चक्रात फिरत होता आणि खिशातल्या डॉलरवर जगत होता. एका संध्याकाळी जिन्यात भेटला तेव्हा हातात प्लास्टिकची फाइल होती, पावसाने कडा ओल्या झालेली. "काकू, ते म्हणतात उद्या या. मी रोज उद्या जातो." त्याला मराठी तेवढंच येत होतं, पण तेवढं वाक्य अचूक होतं.

विद्यार्थ्यांसाठी रिझर्व्ह बँकेने मुद्दाम सोय केलेली आहे आणि ती बऱ्याच शाखांना माहीतच नसते. व्हिसा आणि इमिग्रेशनचा शिक्का असलेला पासपोर्ट, मायदेशातल्या ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि इथल्या शिक्षणसंस्थेचं प्रवेशपत्र, एवढ्यावर एनआरओ खातं उघडता येतं. स्थानिक पत्ता खातं उघडल्यापासून ३० दिवसांत द्यायचा आणि बँकेने तो तपासायचा. तोवर बाहेरून १,००० डॉलरपर्यंतच रक्कम घेता येते आणि खात्यात एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा राहते. अनामत आणि पहिल्या महिन्याचा खर्च त्यात भागतो. पाकिस्तानी विद्यार्थ्यांना मात्र रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते.

हे घेऊन आम्ही दोघं एका सकाळी गेलो. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडून बोनाफाइड आणि शाखेच्या नावाने एक पत्र आधीच घेतलं होतं. खातं सहा दिवसांत उघडलं. कॉलेजला हे पत्र मागायला लाजू नका. ज्या शाखेत कॉलेजचं स्वतःचं खातं आहे तिथेच जा, त्या पत्राचं वजन तिथे जास्त.

कोणती शाखा, कोणता दिवस

मोबाइल ॲपवर पाच मिनिटांत उघडणारी खाती भारतीय नागरिकांसाठी, आधार आणि पॅनवर चालतात. त्यात वेळ घालवू नका. पुण्यात सहकारी बँका खूप आणि त्यांची माणसं आपुलकीने वागतात, पण परकीय चलनाचे आणि अनिवासी खात्यांचे व्यवहार करायची परवानगी सगळ्यांना नसते. आधी फोन करून विचारा. मोठ्या बँकेची, परकीय चलनाचं काम होणारी शाखा गाठा. कॅम्प, डेक्कन, सेनापती बापट रस्ता, विमाननगर या भागांतल्या शाखांनी परदेशी विद्यार्थी आणि नोकरदार पाहिलेले असतात. नाहीतर आईवडिलांचं जुनं खातं असलेली शाखा, जिथे घरचं नाव माहीत आहे. आता ओळखदाराची सही सक्तीची नाही, पण "या अमक्यांच्या मुलगी" एवढ्याने माणूस बसायला खुर्ची देतो आणि पूर्ण ऐकून घेतो.

महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस पेन्शनरांची गर्दी असते, ते टाळा. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद. मधल्या आठवड्यात अकराच्या सुमारास गेलं की मॅनेजर भेटतात.

जाण्याआधी भारतीय मोबाइल नंबर घ्या. पासपोर्ट आणि व्हिसावर तो कंपनीच्या दुकानात मिळतो, ओळखीच्या स्थानिक माणसाचा नंबरही मागतात. ओटीपी परदेशी नंबरवर येईल या भरवशावर राहू नका.

नावाचंही आधीच बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. परदेशी पासपोर्टवर मधलं नाव बहुतेक वेळा गळालेलं असतं, आणि पॅनवर ते असतं. फॉर्मवर पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. सहीही पासपोर्टवर आहे तीच. मी सवयीने मराठीत सही केली आणि पासपोर्टवर इंग्रजी, तेवढ्यावर एक खेप गेली.

फॉर्मबरोबर करनिवासाचं एक घोषणापत्र येतं. अमेरिकी नागरिकांनी ते काळजीपूर्वक भरावं, त्यात अमेरिकेतला करदाता क्रमांक लिहावा लागतो. २०१५पासून भारतीय बँका अशा खात्यांची माहिती सरकारमार्फत अमेरिकेच्या करखात्याला देतात. आणि भारतासकट सगळ्या परदेशी खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तिकडे त्याचं वेगळं विवरण भरायचं असतं.

नाही म्हटलं तर

शाखेने "झालं तुमचं काम" म्हटलं तरी खातं उघडलेलं नसतं. फाइल दुसऱ्या शहरातल्या मध्यवर्ती कक्षात जाते आणि तिथला माणूस तुम्हाला न भेटता यादीवर टिक करतो. आक्षेप तिथून येतो आणि शाखा तो तोंडी, अर्धवट सांगते. माझे दोन महिने यातच गेले. म्हणून आक्षेप जसाच्या तसा मागा, ईमेलवर किंवा स्क्रीनवरून लिहून घ्या. "पत्ता चालत नाही" आणि "पत्त्याच्या कागदाची मागची बाजू जोडलेली नाही" यांत फार फरक आहे. मला पहिलं सांगितलं गेलं होतं, आक्षेप दुसरा होता.

अर्ज विचार न करता फेटाळू नये आणि फेटाळला तर अधिकाऱ्याने कारण नोंदवावं, असं रिझर्व्ह बँकेने २०२५ साली स्पष्ट केलं आहे. ते कारण लेखी मागा. मग बँकेच्या तक्रार विभागाकडे लिहा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. काउंटरवरच्या मुलीवर मात्र आवाज चढवू नका, निर्णय तिच्या हातात नसतो आणि पुढची फाइल तिच्याच हातून जाणार असते.

खातं उघडल्यावर

पहिल्याच आठवड्यात वारस नोंदवा आणि व्हिसाची मुदत कुठे तरी ठळक लिहून ठेवा. मुदत संपली आणि नवा कागद बँकेत पोचला नाही तर व्यवहार थांबवले जातात, आणि ते नेमकं भाड्याच्या तारखेला कळतं. मुदतवाढ मिळाली की त्याच दिवशी प्रत देऊन पोच घ्या. १८२ दिवस झाले की आधार काढा. व्हिसावर राहणाऱ्यांचं आधार व्हिसाच्या मुदतीपर्यंत चालतं, ओसीआय कार्डधारकांचं दहा वर्षं. ते बँकेत जोडलं की पत्त्याचा प्रश्न पुन्हा निघत नाही.

नोकरी संपवून देश सोडणार असाल तर निघण्याआधी शाखेत जाऊन खातं एनआरओ करून घ्या. शेवटचा पगार, भविष्य निर्वाह निधी, कराचा परतावा, घरमालकाकडची अनामत हे सगळं तुम्ही गेल्यावर येतं, आणि खातं बंद करून गेलेल्या माणसाला ते पैसे तिकडून मिळवणं फार जड जातं. यासाठी सही करायला स्वतः यावं लागतं, म्हणून निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी जा.